वाचकांचे प्रश्न : बाटल्या घासणारा ब्रश थांबत का नाही?

प्रश्न : नमस्कार सर. मी दारव्हा तालुक्यात (जि. यवतमाळ) माती परीक्षणाच्या एका छोट्या प्रयोगशाळेत सहायक आहे. रब्बी निघाली की नमुन्यांचा ढीग येऊन पडतो आणि बाटल्या धुता धुता आमच्या मावशींची पुरेवाट होते. म्हणून मी लोखंडी अँगलची चौकट करून त्यावर १२ व्होल्टची गिअर मोटर बसवली आणि तिला बाटलीचा ब्रश लावला. पाण्यासाठी जुन्या फवारणी पंपातला छोटा पंप काढून जोडला. आर्डुइनो उनो (प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड) आणि रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा विजेचा स्विच), सगळं अडॅप्टरवर चालते. आधी पंप, मग ब्रश, मग पुन्हा पंप, आणि प्रत्येक टप्प्याला ‘डिले’, म्हणजे तेवढे मिलिसेकंद थांबायची आज्ञा. ब्रशसाठी ३०*१००० लिहिलं होतं तेव्हा बरोबर थांबत होता. काळी माती निघत नाही म्हणून ३*६०*१००० केलं, तर आता थांबतच नाही. बंद करायचं बटण दाबून राहिलं तरी काही होत नाही. परवा लाइन गेली, मावशींनी बाटली काढायला हात घातला, तेवढ्यात लाइन आली आणि ब्रश आपोआप फिरायला लागला. हातमोजा गुंडाळला गेला, बोटं वाचली. बोर्ड खराब झाला असेल का?
— एक वाचक, दारव्हा

उत्तर : ताई, बोर्ड ठणठणीत आहे. पण खाली सांगतो ते लाल बटण बसेपर्यंत त्या यंत्राची पिन सॉकेटमधून काढून ठेवा. चार दिवस बाटल्या हातानं धुतल्या तरी चालतील. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना पहिल्या तासापासून मुलांना मी हेच सांगत आलो : फिरणाऱ्या वस्तूजवळ माणसाचा हात जाणार असेल, तर ती थांबवण्याचं काम आधी वायरीकडे द्यायचं, प्रोग्रामकडे नंतर.

तर वायरीपासून सुरू करू. लाल टोपीचं, दाबलं की अडकून बसणारं आणि फिरवल्यावर सुटणारं बटण इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं. ‘इमर्जन्सी स्टॉप, दोन एनसी कॉन्टॅक्टवालं’ असं सांगून मागा. एनसी म्हणजे एरवी जोडलेला आणि दाबला की तुटणारा. पहिला कॉन्टॅक्ट मोटरच्या प्लस वायरमध्येच घाला. बटण दाबलं की मोटरचा पुरवठा तुटला, मग चिप काय करत बसली आहे याच्याशी काही देणंघेणं नाही.

दुसरा कॉन्टॅक्ट कशाला, तर तो नसेल तेव्हा काय होतं ते बघा. मावशींनी बटण दाबलं, ब्रश थांबला. अडकलेली बाटली काढली, बटण फिरवून सोडलं. प्रोग्रामला यातलं काहीच कळलेलं नाही, त्यानं रिले ओढूनच धरली आहे, त्यामुळे बटण सुटताक्षणी ब्रश पुन्हा फिरणार. म्हणून दुसऱ्या कॉन्टॅक्टचं एक टोक ग्राउंडला आणि दुसरं बोर्डाच्या पिनला द्या, आणि ती पिन ‘इनपुट पुलअप’ ठेवा. म्हणजे जोडणी तुटली की बोर्ड स्वतःच ती पिन ‘हाय’कडे (पाच व्होल्टकडे) ओढतो. सगळं ठीक असताना पिन ‘लो’ (शून्य व्होल्ट) दिसेल, बटण दाबलं की ‘हाय’. उंदरानं ती वायर कुरतडली तरी ‘हाय’च दिसेल, म्हणजे तेव्हाही यंत्र बंदच राहील. ‘हाय’ दिसलं की प्रोग्रामनं रिले सोडायची आणि सुरू करायचं बटण नव्यानं दाबल्याशिवाय हलायचं नाही.

आता तुमचं कोडं. तुमच्या उनोवर एटमेगा ३२८पी ही चिप असणार आणि तिच्यावर साधा ‘इंट’ (पूर्णांक ठेवायची जागा) १६ बिटांचा असतो, म्हणजे −३२,७६८ ते ३२,७६७. तुमचे ३०*१००० झाले ३०,०००, ते त्यात मावले. पण ३, ६० आणि १००० हे तिन्ही आकडे सुटे पाहिले तर लहान, म्हणून कंपायलर (प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर) त्यांचा गुणाकारही ‘इंट’मध्येच करतो. उत्तर १,८०,००० यायला हवं, ते मावत नाही, वरचे बिट गळून पडतात आणि हातात उरतं −१६,६०८. ‘डिले’ला ऋण आकडा कळत नाही, ते ३२ बिटांचा धन आकडाच घेतं. त्यामुळे −१६,६०८ चे होतात ४,२९,४९,५०,६८८ मिलिसेकंद. भागून बघा, जवळपास पावणेपन्नास दिवस! तुमचा ब्रश अगदी सांगितल्याबरहुकूम फिरतो आहे. आकड्यांना यू-एल ही अक्षरं जोडा, ३यूएल*६०यूएल*१०००यूएल असं, की गुणाकार ३२ बिटांत होईल. कंपायलर याबद्दल पिवळा इशारा देऊ शकतो, पण आर्डुइनोच्या सेटिंगमध्ये इशारे बहुधा बंद असतात. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ते ‘ऑल’ करून ठेवा.

पण एवढ्यानं बटण चालणार नाही. ‘डिले’ सुरू असताना तुमचा प्रोग्राम बटणाकडे बघतच नाही, तीन मिनिटं डोळ्यांवर पट्टी बांधून बसतो. ‘डिले’ काढूनच टाका. त्याऐवजी टप्प्यांना नावं द्या : थांबलेलं, भिजवणं, घासणं, विसळणं, निथळणं, बिघाड. सध्या कोणता टप्पा चालू आहे ते एका चलात ठेवा आणि ‘स्विच-केस’नं त्या त्या टप्प्याचं काम करा. टप्पा सुरू झाला त्या वेळचं ‘मिलिस’ (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) टिपून ठेवा. आत्ताचं ‘मिलिस’ वजा ते टिपलेलं, हे ठरलेल्या वेळेएवढं झालं की पुढचा टप्पा. दोन्ही चलं ‘अनसाइन्ड लाँग’ (३२ बिटांची, फक्त धन आकड्यांची) हवीत. लूप, म्हणजे प्रोग्रामचा पुन्हा पुन्हा चालणारा भाग, सेकंदाला हजारो वेळा फिरतो आणि प्रत्येक फेरीत पहिली ओळ लाल बटण बघण्याची ठेवा.

बोर्ड चालू होताना टप्पा नेहमी ‘थांबलेलं’. परवाचा प्रकार यानंच टळेल. लाइन आली, बोर्ड जागा झाला, तरी कोणी बटण दाबेपर्यंत ब्रश गप्प. शिवाय बाजारातली बरीच रिले मॉड्यूल ‘लो’ मिळाल्यावर ओढतात. तुमचं तसं असेल तर सेटअपमध्ये (सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात) आधी पिन ‘हाय’ लिहा आणि मग ‘आउटपुट’ करा, म्हणजे सुरुवातीचा टक् आवाज आणि मोटरचा झटका दोन्ही जातील. मोटर बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका जिरवायला तिच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्टीचं टोक प्लसकडे. अडॅप्टर अपुरा पडून बोर्ड मध्येच रिसेट होत असेल, तर फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरीच वापरा. तिच्या प्लसवर फ्यूज मात्र हवाच.

तीन मिनिटं घासूनही माती निघत नसेल, तर घासणं न वाढवता भिजवणं वाढवा. आपली काळी माती चिकण. वाळली की काचेला धरते, ओली झाली की फुगून सुटते. पंप थोडा चालवून दहा मिनिटं भिजू द्या, मग एका मिनिटाचं घासणंही पुरेल.

शेवटी काचेबद्दल, कारण तुमच्या बाटलीवर कुणाच्या तरी शेताचं खत ठरतं. स्फुरद (फॉस्फरस) तपासायच्या बाटल्यांना फॉस्फेट असलेली धुण्याची पावडर लावू नका. तिचा अंश राहिला तर स्फुरद खरं आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, मृदा आरोग्य पत्रिकेवर तेच छापलं जातं आणि शेतकरी गरजेपेक्षा कमी सुपर फॉस्फेट टाकतो. या बाटल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लानं, मग नळाच्या आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं विसळा. आम्ल तुमच्या पंपातून नको, हातानं. सेंद्रिय कर्ब तपासायचे, डायक्रोमेट हे क्रोमियमचं रसायन घातलेले फ्लास्क या यंत्रात घालूच नका. त्यातलं क्रोमियम विषारी आहे आणि ब्रशनं त्याचे शिंतोडे मावशींच्या अंगावर उडतील. ते द्रव वेगळ्या कॅनमध्ये जमा करा. ब्युरेट, पिपेट आणि मापाचे फ्लास्कही ब्रशपासून लांबच ठेवा.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेच्या टिंकरिंग लॅबमध्ये मी टेस्ट ट्यूब धुण्यासाठी खेळण्यातली मोटर थेट उनोच्या ९ नंबरच्या पिनला जोडली. आधी हळू फिरली, मग बंद पडली. आता त्या पिनवर एलईडीही लागत नाही.
— एक विद्यार्थी, देसाईगंज (जि. गडचिरोली)

उत्तर : बाळा, ती पिन गेली. पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यावा, ४० ही तर सहनशक्तीची हद्द. खेळण्यातली मोटर सुरू होतानाच याच्या कितीतरी पट मागते. बाकीच्या पिनांवर एकेक करून एलईडी लावून बघ, ज्या चालतात त्या वापर. मोटरला बॅटरीचे वेगळे सेल दे आणि मध्ये आयआरएलझेड ४४ एन हा मॉस्फेट (पिनच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा भाग) घाल. त्याच्या गेटपासून (पिनला जोडायच्या टोकापासून) ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर जोड, बॅटरीचा आणि बोर्डाचा ग्राउंड एकत्र कर आणि मोटरवर डायोड लाव. सर्किट मांडून झालं की सेल जोडण्याआधी सरांना दाखव.