सदाफुलीची पानं खाल्ल्याने रक्त शुद्ध होतं का?

तुम्ही विचारलंय की बाबांना मधुमेह आहे, रोज सकाळी ते सदाफुलीची पाच पानं चावून खातात, त्याने रक्त शुद्ध होतं म्हणतात, तर खाऊ द्यावीत का? माझं सरळ उत्तर: नको, आजच बंद करा.

मी परळला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. टाटा हॉस्पिटल जवळच, त्यामुळे ब्लड कॅन्सरची लहान मुलं आमच्याकडेही येतात. मास्क लावलेलं पोर मांडीवर असतं, जांभळ्या झाकणाची नळी भरेपर्यंत वडील त्याचे डोळे हाताने झाकून धरतात. रिपोर्ट मिळाला की पहिला प्रश्न एकच, "पांढऱ्या पेशी किती आल्या?" पुढचा डोस द्यायचा की थांबायचं, ते त्यावर ठरतं. या मुलांना देतात ते व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध सदाफुलीतूनच काढलेलं असतं.

ते कसं सापडलं, हे बाबांना जरूर सांगा. जमैकात लोक मधुमेहावर या पानांचा काढा प्यायचे. १९५२ मध्ये तिथली पानं कॅनडातले संशोधक रॉबर्ट नोबल यांच्या हाती आली. उंदरांना अर्क तोंडाने दिला, तर साखरेत फरक पडला नाही. टोचून दिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. रक्त जिथे तयार होतं त्या अस्थिमज्जेवरच अर्काचा घाव बसला होता. त्यातूनच १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध हाती लागलं आणि पुढे व्हिन्क्रिस्टिन. व्हिन्क्रिस्टिनचा एक डोस सहसा २ मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत, आणि तोही शिरेतूनच. बाबांच्या पाच पानांत काय किती आहे, हे कोण मोजणार?

आणि 'रक्त शुद्ध' असा रकाना मी एकाही रिपोर्टवर पाहिलेला नाही. रक्त गाळायला मूत्रपिंडं आहेत, यकृत आहे.

माझे मामा लालबागला राहतात. गॅलरीत तेलाच्या डब्यात लावलेली सदाफुली, रोजची पानं तिचीच. पानांच्या भरवशावर त्यांनी साखरेची गोळी परस्पर अर्धी केली. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी (एचबीए१सी) ७.१ टक्क्यांवरून ९.८ टक्क्यांवर गेली. डॉक्टर गोळी बदलायला निघाले होते, कारण पानांचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून बाबांची गोळी चुकवू नका आणि डॉक्टरांना पानांबद्दल स्पष्ट सांगा. पायांना मुंग्या येत असतील तर तेही सांगा, कारण सदाफुलीतली ही औषधं नसांनाही त्रास देतात आणि मधुमेहात नसा आधीच नाजूक झालेल्या असतात. एकदा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करून घ्या. पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० आणि प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख असाव्यात. ताप किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा.

सीबीसीला उपाशी राहावं लागत नाही. त्याच वेळी उपाशीपोटी साखरही बघायची असेल, तर मात्र सकाळी काही न खाता घेऊन या.