चोवीस वर्षांचा भाऊ जास्त दारू पितोय हे अंगावरून ओळखता येतं का?

येतं, पण वासावर जाऊ नका. तो बडीशेप, गुटख्याखाली झाकला जातो.

सकाळचे हात बघा. चहाचा कप उचलताना बोटं थरथरतात, बशीत चहा सांडतो, म्हणून तो कप दोन्ही हातांनी धरतो. थोडी पोटात गेली की तेच हात स्थिर! म्हणजे शरीराला तिची सवय जडली. माझ्या चुलतभावाचं हेच होतं आणि आम्ही अशक्तपणा समजून त्याला सलाईन लावत बसलो. अजून वाईट वाटतं.

सकाळी कोरड्या ओकाऱ्या, भाकरी नको वाटणं, सुजलेला चेहरा, रात्री घाम, तळपायाला मुंग्या, कुठे पडलो ते न आठवणं, हेही बघा. डोळे पिवळे झाले किंवा पोट फुगलं तर झाडपाल्यात दिवस घालवू नका. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी संडास झाली तर त्याच तासाला दवाखाना गाठा.

आणि कळकळीने सांगतो, शपथ घालून, खोलीत कोंडून एकदम बंद करायला लावू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची अचानक तुटली तर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम होतो, जीवही जातो. आपल्याकडे माळ घालून सोडतात. माळ जरूर घाला, पण आधी जिल्हा रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात मानसोपचारवाल्या डॉक्टरांना दाखवा. तो यायला तयार नसेल तर तुम्ही 14416 वर टेलि-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.