घरी पिकवलेल्या भाज्या मुलं खरंच आवडीनं खातात का?

तुमची मुलगी पाच वर्षांची, हिरवं काही दिसलं की ताट सरकवते, आणि चार कुंड्या लावल्या तर ती जेवायला लागेल का, असा तुमचा प्रश्न. लागेल, पण रोप लावलं आणि भाजी आवडली असं थेट होत नाही. भाजीशी तिची ओळख ताटाबाहेर होते, आणि तिथे 'एक घास तरी खा' म्हणत कुणी मागे लागलेलं नसतं. कुंडीचा खरा उपयोग मला तरी हाच वाटतो.

साधारण दोन ते सहा या वयात मुलं अनोळखी पदार्थाला बिचकतात. त्यात लाडावलेपण काही नाही, तो वाढीचाच भाग आहे. शिवाय लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा जास्त जाणवते, म्हणून पालेभाज्यांवर पहिला राग. नवा पदार्थ पटायला मुलांना तो आठ-दहा वेळा, कधी 15 वेळासुद्धा चाखायला मिळावा लागतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. आपण मात्र तिसऱ्या-चौथ्या नकाराला 'हिला हे आवडतच नाही' असं जाहीर करून मोकळे होतो, तेही तिच्यासमोर! बी पेरताना, पाणी घालताना, फूल आलं का बघताना ती भाजी रोज नजरेला पडते, तिचा वास हाताला लागतो. चाखायचं काम त्यानं टळत नाही, पण धीर येतो.

चवीतला फरकही मनाचे खेळ नाहीत, निदान काही भाज्यांत. मटार तोडल्याबरोबर त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, आणि हवा उबदार असेल तर काही तासांतच गोडी उतरते. मक्याच्या कणसाचंही तेच. टोमॅटो फ्रीजमध्ये गेला की त्याचा वास मरतो. त्यामुळे वेलीवरून तोडून तिथेच सोललेली शेंग म्हणजे मुलांच्या दृष्टीनं वेगळाच पदार्थ असतो. आमच्याकडे मटार सोलायला बसले की निम्मे भांड्यापर्यंत पोचतच नाहीत. मी ते जेवणातच धरते. बटाट्याच्या चवीत मुलांना काही फरक कळेल असं मला वाटत नाही, पण माती उकरून बटाटे शोधण्यावरून घरात भांडणं होतात, आणि स्वतः शोधलेला बटाटा कुणी परत करत नाही.

म्हणून लावताना कच्चं खाता येईल असं लावा: मटार, छोटे टोमॅटो, काकडी. छोटे लाल मुळे महिन्याभरात तयार होतात आणि पाच वर्षांच्या मुलीचा धीर साधारण तेवढाच टिकतो. तिखट लागले तर किसून दह्यात घाला. फ्लॉवरच्या वाटेला जाऊ नका. जागा अडवतो, अळ्या पडतात, आणि एवढं करून हाती एकच गड्डा.

आता जेवणाची वेळ. 'तूच लावलंस ना, मग खा आता!' हे वाक्य चुकूनही नको. बागेत जे कमावलं ते एवढ्यानं जातं. 'भाजी संपव, मग गोड मिळेल' हेही तसंच, त्यानं भाजी आणखी नावडती होते. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सांगितलेली वाटणी मला पटते: काय, कधी आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवायचं; खायचं का आणि किती, ते मुलानं. पाळायला ही फार अवघड आहे, विशेषतः घरात आजी-आजोबा असतील तर. पण तिला तोडू द्या, धुऊ द्या, निवडू द्या, सगळ्यांना वाढू द्या. कुंडीतून निघणार चार शेंगा आणि मूठभर पाला, त्यात कुणाचं पोट भरणार? बाकीची भाजी विकतचीच असणार. 'आजच्या कोशिंबिरीतले टोमॅटो हिचे' एवढं एकदा सांगा आणि दुसऱ्या गप्पा सुरू करा. सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसले तर ती मुळीच खाणार नाही.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून हवा: विचारल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. टोमॅटो आणि बटाट्याचा पाला खायचा नसतो, हिरवा पडलेला बटाटाही नाही. काकडी किंवा भोपळा कडूजहर लागला तर टाकून द्यायचा. त्यातलं विष शिजवूनही जात नाही. राजम्यासारखे दाणे नीट उकळल्याशिवाय देऊ नका. आणि घरात पाच वर्षांखालचं भावंड असेल तर छोटे टोमॅटो अख्खे न देता उभे चार भाग करून द्या, घशात अडकतात.