शब्दांची विचारपूस : ‘टिंबर’ म्हणजे लाकूड का हो?

प्रश्न : टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक सारखं ‘टिंबर छान आहे’ म्हणायलेत. आमच्याकडं टिंबर म्हणजे लाकडाची वखार. हे काय प्रकरण आहे? तंबोऱ्याशी याचं काही नातं?
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर : वखारीतला टिंबर जुन्या इंग्रजीतला, घर बांधायच्या लाकडाचा. परीक्षकांचा शब्द फ्रेंच. त्याचा उच्चार ‘टँबर’च्या जवळ जातो. मूळ ग्रीक ‘टिंपनॉन’, म्हणजे चामडं मढवलेलं वाद्य. फ्रेंचमध्ये तो आधी ढोलच होता. मग हातोडीनं ठोकायची घंटा झाला, मग त्या घंटेचा नाद, आणि शेवटी कुठल्याही नादाचं अंगचं वेगळेपण. (टपालाच्या तिकिटालाही तिकडं हाच शब्द आहे.) तंबोरा मात्र फारसी तंबूरच्या गोतातला. उच्चाराला भुलू नका.

आता अर्थ. भजनात पेटीवाल्यानं काळी एकचा सूर धरला आणि बासरीवाल्यानं तोच लावला, तरी डोळे मिटून कोण कुठला ते कळतं. मूळ सुरासोबत वरचे कितीतरी सूर बारीक वाजत असतात आणि त्यांचं कमीजास्त प्रमाण दर वाद्यात निराळं. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञानं 1863च्या ग्रंथात हे सविस्तर मांडलं. संगीताच्या परीक्षांत आम्ही यालाच ‘नादाची जाती’ म्हणून शिकवत आलो. मुलं व्याख्या घोकतात आणि कान बंद ठेवतात.

पण आवाज पारखायला फ्रान्स-जर्मनी कशाला? आपल्या देवगिरीला, सिंघण यादवाच्या पदरी, तेराव्या शतकात शार्ङ्गदेव होता. हिशेब सांभाळणारा अधिकारी, शिवाय वैद्य. त्यामुळं ‘संगीतरत्नाकरा’त त्यानं आवाजही नाडी बघावी तसे तपासले. कफाचा तो ‘खाहुल’ : स्निग्ध, गोड, सुकुमार. पित्ताचा ‘नाराट’ : तिन्ही स्थानांत, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या सप्तकात, घन आणि गंभीर. वाताचा ‘बोंबक’ : आतून पोकळ, वरून जाड, कर्कश आणि मोठा. आणि चौथा, यांची सरमिसळ झालेला ‘मिश्रक’. माझा स्वतःचा विनातपासणी बोंबकात जातो. आरतीला घरचे मला टाळ देतात.

म्हणून ‘टिंबर छान’ ही दाद मला अर्धवट वाटते. टिंबर प्रत्येक आवाजाला असतोच, फाटक्या भोंग्यालासुद्धा. मराठीत ‘आवाजाचा पोत’ म्हणावं, आणि तो मऊ आहे, खरबरीत आहे की पोकळ, तेही सांगावं.