दोनशे एकसष्टचा भागाकार

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझ्या सर्किटचा फोटो मिळाला. सोल्डरिंग सुबक आहे. तुझ्या वयात माझे सोल्डरचे सांधे बोराएवढे फुगायचे. पण परभणी आकाशवाणीची १३०५ किलोहर्ट्झची लहर जीपीएसशी ताडून बघायची, म्हणून ती २६१ ने भागायला तू ७४एचसी१६१ या ठोके मोजणाऱ्या आयसी दोनच लावल्यास, तिथं घोडं पेंड खातंय. चार-चार बिटांचे दोन काउंटर मिळून २५६ पर्यंतच मोजतात. तू पाचासाठी अडली आहेस.

२६१ म्हणजे ९ गुणिले २९. नवासाठी एक आयसी, एकोणतिसासाठी दोन. पहिल्यात दर फेरीला ७ भर, तो ७ ते १५ मोजेल. जोडीत २२७ भर, ती २५५ पर्यंत जाईल. भरायला लोडची (आकडा भरायची) पिन वापर, क्लिअरची (शून्य करायची) नको. या आयसीत क्लिअर क्लॉकसाठी थांबत नाही. मधेच बारीक काटा, म्हणजे क्षणभराचा खोटा ठोका, उठतो आणि पुढचा काउंटर त्यालाही ठोका समजतो. टर्मिनल काउंटची, म्हणजे मोजणी भरल्याचं सांगणारी, पिनही पुढच्याच्या क्लॉकला जोडू नकोस, तिच्यावरही असे काटे असतात. पहिल्या आयसीच्या सर्वांत वरच्या बिटाची पिन घे. नऊ ठोक्यांत ती एकदाच खाली जाऊन वर येते.

२६१च का, असं विचारलंस. शाळेतला मसावि आठव. १० मेगाहर्ट्झ म्हणजे १०००० किलोहर्ट्झ; १०००० आणि १३०५ यांचा मसावि ५. जीपीएसला बांधलेले तुझे १० मेगाहर्ट्झ २००० ने भागले आणि परभणी २६१ ने, की दोघं ५ किलोहर्ट्झवर भेटतात. छत्रपती संभाजीनगरची १५२१ घेतली असतीस तर पंचाईत होती. १५२१ हा ३९ चा वर्ग, १०००० शी त्याचं काहीच जुळत नाही. थेट १ किलोहर्ट्झपर्यंत उतरावं लागलं असतं. ते पुढं कधीतरी.

भागल्यानं अचूकता वाढते असं तू लिहिलं आहेस, ते खोड. दहा लाखांत एक चूक असेल तर कितीही भागलंस तरी दहा लाखांत एकच राहते. फायदा आहे तो जागेचा. १० मेगाहर्ट्झचं एक आवर्तन १०० नॅनोसेकंदांत संपतं, ५ किलोहर्ट्झचं २०० मायक्रोसेकंद चालतं. लहर किती सरकली ते निवांत बघता येतं.

आता ५ किलोहर्ट्झच्या एका लहरीनं फ्लिपफ्लॉप (चालू-बंद लक्षात ठेवणारं सर्किट) सेट कर, दुसरीनं रिसेट, आणि आउटपुट रेझिस्टर-कपॅसिटरमधून काढून मीटरवर घे. ५ व्होल्ट म्हणजे २०० मायक्रोसेकंद, म्हणजे १ मिलिव्होल्टला ४० नॅनोसेकंद. छोट्याशा मीटरवर एवढं दिसतं, याचं मला अजून नवल वाटतं. परभणीची लहर १ हर्ट्झनं चुकली असेल तर मीटरचा करवतीसारखा चढ बरोबर २६१ सेकंदांत, म्हणजे ४ मिनिटं २१ सेकंदांत, एक फेरी पूर्ण करेल.

आपण परभणीला जीपीएसवर तोलतोय, उलटं नाही, हे लक्षात ठेव. मध्यम लहरीच्या केंद्रांना १० हर्ट्झपर्यंत इकडंतिकडं व्हायची मुभा असते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणतात ना, तर जर्मनीत ७७.५ किलोहर्ट्झवर अणुघड्याळाला बांधलेली डीसीएफ७७ ही लहर आहे. तिकडचे लोक तिलाच प्रमाण मानून आपले ऑसिलेटर (लहर तयार करणारी सर्किटं) लावून घेतात. आपल्या परभणीकडून ती अपेक्षा ठेवू नये, ते तिचं कामही नाही.

लहर घेताना रेडिओ आतल्या आत तिला ४५५ किलोहर्ट्झवर आणतो त्या टप्प्यावरून घेऊ नकोस, नाहीतर त्या रेडिओच्या ऑसिलेटरची चूक परभणीच्या नावावर चढेल. फेराइटची कांडी, म्हणजे अँटेना, १३०५ ला जुळव, लहर वाढव आणि डोकं छाटून चौकोनी कर. गाण्यानं लहरीची उंची हलते, शून्य ओलांडायची वेळ हलत नाही. मात्र मॉड्युलेशन खोल गेलं, म्हणजे उंची फारच खाली आली, की एखादा ठोका गळतो. मीटर एकदम १९ मिलिव्होल्टनं उडी मारून तिथंच राहिला तर तो गळलेला ठोका समज. १३०५ किलोहर्ट्झचं एक आवर्तन तेवढंच असतं. आणि मोजमाप दिवसा कर. रात्री आकाशातून परतलेली लहर जमिनीवरच्या लहरीत मिसळते, तेव्हाचे आकडे वहीत लिहायच्या लायकीचे नसतात.

माझी एक फजितीही सांगतो. एका मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तीन दिवस आकडे घेतले. रोज दुपारी लहर मायक्रोसेकंदभर सरकायची, संध्याकाळी परत यायची. मी खुशाल ट्रान्समीटरला बोल लावत बसलो. सरकत होते माझे ५ व्होल्ट. मीटर निम्म्यावर असताना सप्लाय एक टक्का हलला तर २५ मिलिव्होल्ट हलतात, म्हणजे १ मायक्रोसेकंद. तेव्हापासून दर वेळी सप्लायचे व्होल्टही मोजतो आणि शेजारच्या रकान्यात लिहितो. तूही तो रकाना आत्ताच आख.

१० मेगाहर्ट्झ भागणाऱ्या ३९० आयसींच्या साखळीनंतर मूळ १० मेगाहर्ट्झवर पुन्हा ठोका लावून घ्यावा, असं तुला कुणीतरी सांगितलंय. सल्ला बरोबर आहे, पण साखळीतून जाताना होणारा उशीर उन्हानं बदलून बदलणार काही नॅनोसेकंदच. तुझ्या मीटरला तो दिसायचाही नाही. सध्या सोड.

तिसरा १६१ विकत आणू नकोस, माझ्या डब्यात पडून आहे. रविवारी सेलूला ये. सकाळीच ये, दुपारी लाइट जाते.

तुझा,
काका