दलाल वगळला, पण त्याची कामं कोण करणार?

छोट्या शेतकऱ्यांकडून थेट कोको घेण्याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न : मी जुळे सोलापुरात घरून चॉकलेट करून विकते. आतापर्यंत तयार कंपाउंड (कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी घातलेली चॉकलेटसारखी वडी) वितळवून साच्यात ओतत होते. आता बियांपासून स्वतः चॉकलेट करायचं आहे, आणि बिया थेट शेतकऱ्याकडूनच घ्यायच्या आहेत. सुरुवात कुठून करू?

ताई, कंपाउंड सोडून बियांकडे वळताय, याचा मनापासून आनंद झाला. आपल्या देशात कोको मुख्यतः आंध्र प्रदेश, केरळ, कर्नाटक आणि तामिळनाडूत होतो, तोही बहुतेक नारळ-सुपारीच्या सावलीत आंतरपीक म्हणून. सोलापूरकरांना सोयीचा भाग आंध्रातला, एलुरू आणि पश्चिम गोदावरीचा. पुणे-मछलीपट्टणम महामार्ग आपल्या दारावरूनच जातो. त्याने विजयवाडा गाठायचं, तिथून एलुरू जवळच.

भाषेची काळजी तर सोलापूरकरांनी करूच नये. पहिल्या फेरीला मी शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातल्या एका पद्मशाली मित्राला सोबत नेलं होतं. त्याची सोलापुरी तेलुगू तिकडच्या लोकांना जरा वेगळी वाटली. पण मागाच्या कामासाठी याचे पूर्वज सोलापूरला गेले आणि घरात भाषा अजून टिकून आहे, हे कळल्यावर बागेतच खाट टाकली गेली. भावाचा विषय निघायच्या आधी तासभर झाडांबद्दल बोलणं झालं.

पहिल्या फेरीत माल घेऊ नका, नुसतं बघा. काढणीच्या दिवसांत जा, म्हणजे एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर ते जानेवारी. एका शेंगेत पांढऱ्या आंबटगोड गरात गुंडाळलेल्या तीस-चाळीस बिया असतात, आणि किलोभर सुक्या बियांना वीस-पंचवीस शेंगा लागतात. या ओल्या बिया पाच-सहा दिवस लाकडी पेटीत किंवा केळीच्या पानांखाली आंबतात. पेटीत हात घातला तर चटका बसावा इतकी ऊब येते आणि व्हिनेगरसारखा वास सुटतो. चॉकलेटची चव इथेच घडायला लागते. ढीग अगदी लहान असेल तर ऊब धरत नाही. म्हणून दोन-चार एकरवाल्यांचा माल गटाने एकत्र आंबवलेला असेल तर तो आधी बघा.

नमुना हातात आला की शंभर बिया मोजून घ्या आणि नव्या ब्लेडने एकेक उभी चिरून थाळीत मांडा. आत तपकिरी रंग आणि भेगा दिसल्या तर बी नीट आंबली. जांभळी दिसली तर अर्धवट. पाटीसारखी राखाडी आणि घट्ट असेल तर आंबलीच नाही. आंतरराष्ट्रीय प्रतवारीत पहिल्या प्रतीला बुरशीच्या बिया शंभरात तीनपेक्षा जास्त चालत नाहीत, राखाडीही तीनच. ही थाळी शेतकऱ्यासमोर मांडा. त्यानंतर प्रतीवरून वाद घालायची वेळ सहसा येत नाही.

प्रश्न : थेट खरेदी म्हणजे मधला दलाल गेला आणि त्याचे पैसे शेतकऱ्याला मिळाले, इतकं सरळ असतं का? बार्शीत कांद्याचं काय होतं ते डोळ्यांनी बघतो, म्हणून विचारतो.

तुमच्याच तालुक्यातली गोष्ट. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात आणला. किलोला १ रुपया भाव लागला. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता विक्रीच्या हिशेबाच्या पट्टीवर २ रुपये ४९ पैसे उरले. ती पट्टी आठवली की आजही पोटात कालवतं. मधली साखळी तोडली पाहिजे असं तुम्हाला वाटतं, ते मला पूर्ण समजतं.

तरी ती पट्टी पुन्हा एकदा वाचा. कापले गेलेले पैसे वाहतुकीचे होते, पोती उचलण्याचे होते, वजनाचे होते. दलाल काढला म्हणून ही कामं संपत नाहीत, ती तुमच्या अंगावर येतात. शिवाय तो आणखी दोन गोष्टी करतो. अडीनडीला उचल देतो आणि पडेल तो माल घेतो. गावात मुलीचं लग्न किंवा दवाखाना निघाला, तर शेतकरी तुमच्या सोलापूरच्या पत्त्यावर येणार नाही, तो दलालाकडेच जाणार. हे ध्यानात न घेता थेट खरेदीला उतरलेले लोक दुसऱ्या हंगामाला गावात दिसत नाहीत.

माझीच चूक सांगतो. पहिल्या वर्षी जुलैत ४०० किलो बिया उचलल्या. शेतकरी म्हणत होते, अजून तीन ऊन दाखवू द्या. मला परतायची घाई होती. गाडी ताडपत्री बांधून दोन दिवसांनी सोलापुरात पोचली. पोत्यात हात घातला तर आत ऊब होती, आणि तळाच्या बियांवर पांढरी बुरशी धरलेली. तिसरा हिस्सा फेकला. कोकोच्या बीत ओलावा सात टक्क्यांच्या आसपास हवा, आठच्या वर गेला की बुरशी धरते. गावातला व्यापारी मूठभर बिया दाबून, त्यांचा आवाज ऐकून हे सांगतो. माझ्याकडे तो हात नव्हता, ओलावा मोजायचं यंत्रही नव्हतं. पैसे मी पूर्ण दिले, कारण दोष मालाचा नव्हताच.

आता भावाचं. २०२३ च्या सुरुवातीला जागतिक बाजारात कोको टनाला २,६०० डॉलरच्या आसपास होता. पश्चिम आफ्रिकेत लहरी पाऊस, झाडांवरचा रोग आणि म्हाताऱ्या बागा यांमुळे पीक घटलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये भाव १२,००० च्या वर गेला. पुढच्या वर्षभरात तो निम्म्यावर आला. आपल्याकडेही २०२४ च्या उन्हाळ्यात सुक्या बिया किलोला हजार रुपयांपर्यंत गेल्या, आणि पुढच्याच वर्षी आंध्रातले शेतकरी भावासाठी रस्त्यावर उतरले. चढत्या भावात थेट खरेदीदार गावोगाव उगवतात. पडत्या भावात कोण येतं, ते बघा.

म्हणून माझा आग्रह असा, की करारात एक किमान भाव लिहा, त्याच्या खाली बाजार गेला तरी तुम्ही जाणार नाही. बाजार वर असेल तर त्या दिवसाचा भाव, आणि चांगल्या आंबवणीचे किलोमागे वेगळे पैसे. करार शेतकऱ्याच्या भाषेत, दोन प्रतींत. एवढं जमत नसेल तर कमी माल घ्या, पण शब्द मोडू नका.

प्रश्न : माळशिरस तालुक्यात कालव्याचं पाणी आहे, केळी आहे. कोको लावला तर?

नका लावू. पाणी देता येईल, हवा कुठून आणणार? कोकोला दमट हवा, वर्षभर सावली आणि साधारण दीड-दोन हजार मिलिमीटर पावसाचा प्रदेश मानवतो. आपल्याकडे पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, आणि मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे. कोवळी पानं करपतात, फुलं गळतात. रोपं विकणारा कुणी गळ घालत असेल, तर त्याला आपल्या जिल्ह्यातली पाच वर्षांची फळती बाग दाखवायला सांगा.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी वाचताना आफ्रिकेतल्या कोकोच्या शेतात मुलं राबतात असं समजलं. तेव्हापासून चॉकलेट खाववत नाही. पाकिटावर प्रमाणपत्राचा शिक्का असला की निर्धास्त व्हावं का?

बाळा, ही अस्वस्थता जपून ठेव. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधन संस्थेच्या २०२० च्या अहवालात, तिथल्या कोकोच्या शेतांत सुमारे १५ लाख ६० हजार मुलं बालमजुरीत असल्याचं नोंदवलं आहे. मोठ्या कंपन्यांनी हे थांबवण्याचा करार २००१ मध्येच केला होता, ठरलेल्या मुदती उलटून गेल्या. यातली बहुतेक मुलं आपल्याच आईबापांच्या शेतात कोयता चालवतात, ओझी वाहतात, कारण मजूर लावायला घरात पैसा नसतो. २०२४ च्या वसंतात जागतिक भाव किलोला १० डॉलरवर असताना आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याला सरकारने ठरवलेले दीड हजार फ्रँक, म्हणजे जेमतेम अडीच डॉलर मिळत होते. कारण सरकारने माल आधीच जुन्या भावाने विकून ठेवलेला होता.

शिक्का अगदीच निरुपयोगी नसतो. फेअरट्रेड नावाच्या प्रमाणपत्रात टनामागे २४० डॉलर जादा रक्कम शेतकऱ्यांच्या संस्थेकडे जाते. रुपयांत धरलं तर किलोला वीसेक रुपये होतात. मदत खरीच, पण एवढ्यावर घर उभं राहत नाही. युरोपने २०२३ मध्ये कायदा केला, की ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा कोको चालणार नाही आणि प्रत्येक शेताचं ठिकाण नकाशावर दाखवावं लागेल. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, तरी दिशा मला पटते. प्रकल्पासाठी एक काम कर. पाच चॉकलेटांच्या कंपन्यांना पत्र लिही: बिया कोणत्या जिल्ह्यातल्या आणि शेतकऱ्याला किलोमागे काय दिलं? आलेली उत्तरं, आणि कुणाकडून उत्तर आलं नाही तेही, प्रकल्पात जसंच्या तसं लाव.

प्रश्न : होटगी रोडला आमची बेकरी आहे. शेतकऱ्यांच्या गटाने हंगामाआधी आगाऊ पैसे मागितलेत. माल आला नाही तर?

द्या, पण सगळे नको. मी तिसरा हिस्सा देतो, तोही गटाच्या बँक खात्यात. एका माणसाच्या हातात रोख कधीच नाही. पुढचा तिसरा हिस्सा बिया आंबवून उन्हात पडल्या की. उरलेले काट्यावर, त्याच दिवशी, गाडी हलायच्या आधी. शेतकऱ्याला आठ दिवस थांबवलंत तर उचल देणारा व्यापारी तिसऱ्या दिवशी दारात उभा राहतो, आणि पुढच्या हंगामाचा माल त्याचा झालेला असतो.

पहिल्या वर्षी तूट धरूनच चाला. शंभर किलो बिया भाजून टरफल काढलं की पंचाहत्तर-ऐंशी किलो गर हाती येतो, हिशेब त्याच्यावर मांडा. पोती तागाचीच घ्या, प्लास्टिकची नकोत. बेकरीत ती फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा, आणि मसाल्याच्या खोलीत तर मुळीच नको. कोकोची बी शेजारचा वास ओढून घेते. आमच्या गोदामात काळ्या मसाल्याशेजारी पंधरा दिवस राहिलेल्या पोत्याच्या चॉकलेटला शेवटपर्यंत मसाल्याचाच वास येत होता.