जुनी डिझेल गाडी घेताय? आधी डीपीएफ बघा

आरसी बुकवर बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचं मानक) लिहिलंय का, ते आधी बघा. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ सक्तीचं झालं, आणि तेव्हापासूनच्या डिझेल कारमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो असंच धरून चाला. बीएस ४ मध्ये सहसा नसतो. काही महागड्या गाड्या अपवाद. काचेवरच्या नारिंगी स्टिकरला वर हिरवी पट्टी असेल तर गाडी बीएस ६ आहे.

पण कागदावर असणं वेगळं आणि गाडीत असणं वेगळं. चोक झालेला फिल्टर बदलायचा खर्च जबर, म्हणून काही जण तो आतून पोकळ करून घेतात. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा, अर्थात इंजिन थंड असताना. फिल्टर धड असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ निघतं. काजळी लागली की विक्रेत्याला सरळ विचारायचं.

मग बॉनेट उघडून टर्बोच्या आसपास टॉर्च मारा. डीपीएफचा फुगीर डबा आणि त्याच्या पुढून-मागून निघालेल्या दोन बारीक नळ्या एका छोट्या सेन्सरला जोडलेल्या दिसतील. काही मॉडेलमध्ये हा डबा खाली असतो, तेव्हा गाडी रॅम्पवर घ्यावी लागते. डबा दिसला म्हणजे आत जाळी आहेच असं नाही, म्हणून ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्याच. इंजिन रेस केल्यावर स्कॅनरवर त्या सेन्सरचा प्रेशरचा आकडा हलायला हवा. ढिम्म राहिला तर गाडी सोडा, दुसरी बघू.